दुकान पोंभुर्ण्यात, तुम्ही चंद्रपुरात: दूरचा कॉम्प्युटर चालवायला कोणतं ॲप घ्यायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली "म्हणजे", "तर" यांची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे. घाईत असाल तर शेवटची यादी वाचा, पण मग मधली लाईट गेल्याची गोष्ट हुकेल.)

००:०० पोंभुर्ण्याहून आलेला मेसेज

कानात इअरफोन आहे ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. पोंभुर्ण्याहून एका ताईंनी पाठवला होता. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. मेसेज साधारण असा होता:

"दादा, माह्या बाबाचं दाखले काढून द्यायचं केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. कॉम्प्युटरचं सगळं मीच पाहाते. आता मले कॉलेजसाठी चंद्रपूरला राहावं लागते. बाबाचा दिवसातून दहा वेळा फोन येते, हे कुठं दाबू, ते कुठं गेलं. मोबाईलवरून तिथला कॉम्प्युटर चालवता येईल असं ॲप सांगा. फुकटचं असलं तर बरं. अन् दादा, इथं नेट कधी चालते, कधी नाही."

मला हा प्रश्न फार आवडला. इंटरनेटवर "टॉप टेन रिमोट ॲप" छाप याद्या ढिगाने मिळतात. पण त्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेट चांगलं असलेलं ऑफिस असतं. पोंभुर्ण्याचं पावसाळ्यातलं टॉवर त्याने पाहिलेलं नसतं. आणि दहावी-बारावीचा निकाल लागल्यावर उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी लागलेली रांगही नाही.

मी ताईंना लगेच ॲपचं नाव सांगितलं नाही. उलट विचारलं, "बाबांना कधी असं ॲप टाका म्हणून कोणाचा फोन आला होता का?" त्यांचं उत्तर नंतर सांगतो. आजच्या भागाचं सार त्याच उत्तरात आहे.

०२:१० आधी थोडं मागे जाऊ: मॉडेमचा जमाना

दूरचा कॉम्प्युटर चालवणं ही नवी गोष्ट नाही. १९८० च्या दशकातच "कार्बन कॉपी", "पीसी एनीव्हेअर" अशी सॉफ्टवेअर आली होती. तेव्हा लोकांच्या घरी इंटरनेट नव्हतं, होती ती फोनची लाइन. कॉम्प्युटरला मॉडेम जोडायचा. मॉडेमचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकचा आवाज करायचा आणि पलीकडे त्या आवाजाचे परत शून्य-एक करायचे. ज्यांनी डायल-अप ऐकलंय त्यांना ती किर्र-खर्र आठवत असेल. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत आणि याच किर्र-खर्रवर.

आता एक हिशेब करू, गंमत वाटेल. जुना २४०० चा मॉडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं पाठवायचा. डॉसची काळी स्क्रीन म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी, एकूण २००० अक्षरं. म्हणजे अख्खी स्क्रीन ८-९ सेकंदांत पलीकडे. चालून जायचं. मग आलं चित्रांचं विंडोज. ६४० बाय ४८० ठिपक्यांची, १६ रंगांची स्क्रीन म्हणजे १,५३,६०० बाइट. त्याच मॉडेमवर एक स्क्रीन पाठवायला १० मिनिटांहून जास्त! माऊस हलवला आणि चहा पिऊन आलात, तर बाण हललेला दिसेल.

मग सॉफ्टवेअरवाल्यांनी डोकं लावलं. अख्खी स्क्रीन पाठवायचीच नाही, जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. किंवा ठिपके न पाठवता नुसता निरोप द्यायचा, "इथे एक चौकोन काढ, त्यात हे नाव लिही." बाकीचं पलीकडचा कॉम्प्युटर स्वतः काढेल.

हे जुनं पुराण कशासाठी? कारण आजही तेच चालू आहे. तुमच्या फुल एचडी स्क्रीनचं एक चित्र कच्च्या स्वरूपात ६२ लाख बाइटचं होतं. ५ एमबीपीएसच्या नेटवर ते एकच चित्र जायला १० सेकंद लागतील. तरी ॲप चालतं, कारण ते चित्र दाबून लहान करतं आणि फक्त बदल पाठवतं. म्हणून नेट कमी असलेल्या गावात पहिला नियम असा की पलीकडची स्क्रीन जितकी शांत, तितकं काम सुसाट. दुकानाच्या कॉम्प्युटरवरचा तो धबधब्याचा वॉलपेपर काढा, साधा एक रंग ठेवा. स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी करा. ॲपमध्ये "वेगाला प्राधान्य" किंवा "कमी दर्जा" असा पर्याय असेल तर तो लावा. ब्राउझरमध्ये यूट्यूब उघडं ठेवू नका. एवढ्यानेच अर्धी तक्रार मिटते.

०५:०० तुमच्या कॉम्प्युटरला आता नंबर नाही

मॉडेमच्या काळात आणखी एक गोष्ट सोपी होती. कॉम्प्युटर ज्या फोनला जोडलेला, त्याचा नंबर लावायचा. मॉडेम फोन उचलायचा आणि जोडणी व्हायची. मध्ये टेलिफोन एक्स्चेंजशिवाय कोणी नाही.

आज तसं का होत नाही? पोंभुर्ण्यातलं दुकान बहुतेक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नाहीतर सिमवाल्या राउटरवर चालतं. मोबाईल कंपनी साधारणपणे तुम्हाला इंटरनेटवरचा स्वतःचा वेगळा पत्ता देत नाही. एकाच पत्त्यामागे खूप ग्राहक बसवलेले असतात. लॉजसारखं समजा. खोलीतून तुम्ही बाहेर फोन लावू शकता, पण बाहेरच्याला थेट तुमच्या खोलीत लावता येत नाही, काउंटरवर अडतो.

म्हणून विंडोजचं स्वतःचं "रिमोट डेस्कटॉप" इथे थेट उपयोगाचं नाही. शिवाय ते विंडोजच्या प्रो आवृत्तीतच पाहुणा आत घेतं, आणि दुकानातल्या बऱ्याच लॅपटॉपवर होम आवृत्ती असते. कोणी म्हणालं, "राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, काम होईल," तर हात जोडून नको म्हणा. ३३८९ क्रमांकाचं ते दार जगाला उघडं ठेवलं, की पासवर्ड ठोकून पाहणारे प्रोग्राम लगेच हजर होतात.

मग मार्ग काय? दोन्ही बाजूंनी बाहेर फोन लावायचा आणि मध्ये एका ओळखीच्याने दोघांची गाठ घालून द्यायची. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क ही सगळी मंडळी हेच करतात. दुकानातला कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, "मी जागा आहे." तुमचा मोबाईल म्हणतो, "मला त्याच्याशी बोलायचंय." सर्व्हर जोडून देतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरवर जो नऊ-दहा आकडी नंबर दिसतो ना, तो म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा नवा फोन नंबर.

आणि नंबर आला की तो मागणारेही आले.

०७:२० लाईट गेली म्हणून वाचले

आता ताईंचं उत्तर. त्यांच्या बाबांना असा फोन आला होता. पलीकडचा माणूस साहेबी मराठीत म्हणाला, "तुमच्या केंद्राचा सर्व्हर अपडेट करायचा आहे. हे ॲप टाका, वर दिसणारा नंबर सांगा आणि 'ॲक्सेप्ट' दाबा." बाबांनी ॲप उतरवलं. नंबर वाचायला चष्मा लावला. तेवढ्यात लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद! यूपीएसची बॅटरी खराब झालेली होती, ती बदलायची राहिली होती. तो माणूस म्हणाला, मग मोबाईलवरच टाका. तेव्हा बाबांना शंका आली. म्हणाले, "पोरीले विचारतो," आणि फोन ठेवला.

आपण हसतो, पण बघा काय वाचलं. त्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे आधार कार्ड, बँक पासबुक, जमिनीचे कागद स्कॅन करून ठेवलेले. केंद्राचं लॉगिन उघडं. सही करायचा डिजिटल सिग्नेचरचा टोकन यूएसबीत खोचलेला. स्क्रीन ज्याच्या हातात, त्याच्या हातात हे सगळं.

फसवणुकीचा हा प्रकार जुना आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं. लोकांकडून ॲप टाकून घ्यायचे, नऊ आकडी कोड मागायचे आणि यूपीआयमधून पैसे काढायचे. यात ॲप वाईट नव्हतं. तेच ॲप हजारो कंपन्यांत रोजच्या कामाला वापरतात. अडचण इतकीच की दार आतून आपणच उघडत होतो.

म्हणून ताईंना मी म्हटलं, तुमचा प्रश्न थोडा बदलू. "कोणतं ॲप वेगवान?" हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, "किल्ली कोणाकडे राहणार?"

०९:१० मग कोणतं? तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: पलीकडे माणूस बसलेला असतो का?

ताईंच्या दुकानात बाबा बसलेले असतात. हे फार महत्त्वाचं. माणूस असेल तर दर वेळी त्याने "हो" म्हटल्यावरच जोडणी होईल असंच ठेवा. कायमचा पासवर्ड लावूच नका.

तुमच्याकडे चंद्रपुरात विंडोजचा लॅपटॉप असेल तर "क्विक असिस्ट" पाहा. विंडोज १० आणि ११ सोबत येणारं मायक्रोसॉफ्टचंच ॲप. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. तुम्ही एक कोड तयार करता, बाबा तो टाकतात, परवानगी देतात. काम झालं, खिडकी बंद, संबंध संपला. मागे उघडं दार राहत नाही. तोटा असा की मोबाईलवरून ही मदत देता येत नाही.

मोबाईलवरूनच करायचं असेल तर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा रस्टडेस्क. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर मोफत आहेत ते वैयक्तिक वापरापुरते. दाखल्याचं केंद्र हा व्यवसाय आहे. नेमकी रांग लागलेली असताना "हा व्यावसायिक वापर दिसतो" म्हणून जोडणी तुटली तर दोष कोणाला देणार? मग पैसे भरून परवाना घ्या, नाहीतर रस्टडेस्ककडे वळा. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही तपासू शकतं, आणि मधला सर्व्हर स्वतःचा उभारायचीही सोय आहे. त्यांचा सार्वजनिक सर्व्हर वापरला तर कधी माऊस जड चालतो, ते सहन करावं लागेल.

दुसरा प्रश्न: दुकान बंद असताना आत शिरायचंय का?

असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप साधं पडतं. मोफत आहे, मोबाईलवर चालतं, गूगल खात्याला बांधलेलं आहे, वर किमान सहा आकडी पिन. यात कोणाला फोनवर सांगायचा नंबरच नाही, ही मला आवडणारी गोष्ट. पण मग तुमचं गूगल खातं हीच दुकानाची किल्ली. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी हवीच. आणि पिन जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको.

आणखी एक, बाहेरून शिरायचं तर कॉम्प्युटर जागा पाहिजे. त्याची "स्लीप" बंद करा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग बहुतेक डेस्कटॉपमध्ये असते, ती लावा. आणि राउटर पण इन्व्हर्टरवर घ्या. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर थेट बोर्डावर, असं मी कितीतरी दुकानांत पाहिलंय. लाईट गेली की कॉम्प्युटर जागा, पण मुका.

तिसरा प्रश्न: अख्खी स्क्रीन लागतेच का?

इथे जरा थांबू. वारणेची गोष्ट सांगतो. कोल्हापूर-सांगली भागातलं वारणानगर, सहकारी साखर कारखान्याचा पट्टा. १९९८ मध्ये तिथे "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. ७० गावांत कॉम्प्युटर, सगळे कारखान्याच्या व्यवस्थेशी जोडायचे. स्वप्न मोठं होतं. पण काही वर्षांनी पाहिलं तर शेतकरी त्यावर मुख्यतः काय बघत होते? माझा ऊस किती टन भरला, खत किती उचललं. एवढंच. आणि त्यासाठी गावोगाव कॉम्प्युटर आणि जोडणी सांभाळायचा खर्च चालू. मग २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, कारखान्याकडे मोबाईल जोडलेला एक कॉम्प्युटर उत्तर पाठवणार. काम झालं, तेही स्वस्तात.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्याला पूर्ण स्क्रीन हवी, फाइल हवी, की फक्त उत्तर हवं? ताईंचे दहा फोन आम्ही मोजून पाहिले. बरेचसे असे होते, "अमक्याचा फॉर्म कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला?" त्याला रिमोट लागत नाही. फोल्डरला नीट नावं द्या, रोजच्या फॉर्मचे कोरे नमुने डेस्कटॉपवर ठेवा. काही फोन "हा एरर काय आहे?" असे होते. त्याला स्क्रीनचा फोटो पुरतो. खरोखर माऊस हातात घ्यावा लागेल अशी कामं दिवसाला दोन-तीनच निघाली. बाबांना एका कागदावर मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या, तो मॉनिटरशेजारी चिकटवला. ते "सॉफ्टवेअर" कधी हँग होत नाही.

जेवढ्या कमी वेळा दार उघडाल, तेवढी चोराला संधी कमी.

१२:३० एक जुनी युक्ती, एक जुना धडा

मॉडेमच्या काळात एक छान सोय होती, उलटा कॉल. तुम्ही फोन लावून पासवर्ड दिला, की दुकानचा कॉम्प्युटर फोन ठेवून द्यायचा. मग तो स्वतः आधीच ठरवलेल्या नंबरवर तुम्हाला फोन करायचा. पासवर्ड चोरला तरी चोराच्या घरी फोन वाजणार नाही! आजच्या ॲपमध्ये त्याचाच अवतार आहे. ठरावीक उपकरणांनाच परवानगी द्यायची यादी, आणि दोन टप्प्यांची पडताळणी. दोन्ही लावा.

बाबांसाठी तर उलट्या कॉलचाच नियम केला. कोणीही "मी अमुक ऑफिसातून बोलतो, जोडणी द्या" म्हणालं, तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहिलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. तो नंबर त्या माणसाने सांगितलेला नको.

आता धडा. जानेवारी २०१२ मध्ये सिमँटेक कंपनीने स्वतःच्याच ग्राहकांना सांगितलं की आमचं पीसी एनीव्हेअर सध्या बंद ठेवा. त्याचा मूळ कोड २००६ मध्ये चोरीला गेला होता. पुढे ते उत्पादनच बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनेही आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. म्हणजे नाव कितीही मोठं असो, मधला ओळखीचा माणूस कधीतरी अडचणीत येऊ शकतो. म्हणून ॲप अद्ययावत ठेवा, फक्त मूळ संकेतस्थळावरून किंवा प्ले स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल नको म्हणजे नको. आणि काम नसेल तेव्हा ॲप बंद.

डिजिटल सहीचा टोकन काम झालं की काढून ड्रॉवरमध्ये. आयटी कायदा २००० च्या कलम ४२ नुसार सहीच्या गुप्त किल्लीवर ताबा ठेवायची काळजी ज्याच्या नावावर सही आहे त्यानेच घ्यायची असते. "मुलीने दुरून केली" हे उत्तर चालत नाही. सही करायची असेल तर ज्याची सही त्याने, टोकन घालून, तिथे बसून.

१४:४० चुकून दार उघडलंच तर

घाबरून कॉल चालू ठेवू नका. आधी नेट तोडा. मोबाईल असेल तर विमान मोड, कॉम्प्युटर असेल तर राउटरची वायर काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. त्यानंतर ॲप काढा, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. वेळ महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, आपल्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. "उद्या सकाळी बघू" म्हणण्यात पैसे जातात.

१५:३० जाता जाता: छोटी यादी

– पलीकडे माणूस असेल तर दर वेळी त्याच्या "हो"ने जोडणी. कायमचा पासवर्ड नाही.
– लॅपटॉपवरून मदत करायची तर क्विक असिस्ट. मोबाईलवरून करायची तर रस्टडेस्क, किंवा परवाना घेऊन एनीडेस्क, टीमव्ह्यूअर.
– बंद दुकानात शिरायचं तर क्रोम रिमोट डेस्कटॉप, दोन टप्प्यांच्या पडताळणीसह.
– मराठी टायपिंग आधी दोन ओळी करून बघा. अक्षरं उलटसुलट उमटली तर मोबाईलचा कीबोर्ड इंग्रजी ठेवा आणि मराठी दुकानच्या कॉम्प्युटरला करू द्या.
– चाचणी सकाळी चांगल्या नेटवर नको. संध्याकाळी, पाऊस असताना घ्या. तेव्हा चाललं तर चाललं.
– यूपीएसची बॅटरी बदला. दर वेळी लाईट जाऊन वाचवणार नाही!

ताईंनी शेवटी काय केलं? बाबा दुकानात असतातच, म्हणून रस्टडेस्क घेतलं, "ॲक्सेप्ट" बाबांच्या हातात ठेवलं. परवा मेसेज आला, "दादा, आता फोन दहाचे तीनवर आले. पण बाबा ॲक्सेप्ट दाबायच्या आधी दर वेळी विचारते, 'तूच आहेस ना गं?'"

मी म्हटलं, विचारू दे. यापेक्षा चांगला पासवर्ड नाही.

तुमच्या दुकानाची, ऑफिसची गोष्ट व्हॉइस मेसेजने पाठवा. आणि हा भाग अशा एखाद्याला पाठवा ज्याच्या घरचे कॉम्प्युटरसाठी रोज फोन करतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!